दहाचा पाना

रोसामेलने होडी बाहेर ओढून गवतावर पालथी घातली
म्हणून होडीघरात जागा झाली आठ मोटारसायकलींना.
पत्र्यावर पाऊस चालूच होता,
कालपासून, किंवा मार्चपासून.
चिलोए बेटावर हे कुणी मोजत नाही.

ज्याने त्याने आपापलं आणलं.
नोल्बेर्तोने साखळी तोडायचं यंत्र,
वर्षातून एकदाच लागणारं,
म्हणजे एकट्याने विकत घ्यायला जिवावर येणारं.
बार्रिया भावांनी दोघांत मिळून एक टॉर्क पाना
आणि दोघांत मिळून एक भांडण.
ऑर्फेलिनाने ग्रीसचा भलामोठा डबा.
ती माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला आहे,
डबा कुठला, ते कुणी विचारलं नाही.
दहाचे पाने तीन आले.
जेवणापर्यंत एकच उरला.

इथे पूर्वी अख्खं घर ओढून नेत,
बैल जुंपून, ओंडक्यांवरून, कधी खाडीतूनसुद्धा.
सगळा गाव दोराला
आणि ज्याचं घर त्याच्याकडे जेवण.
त्याला मिंगा म्हणतात. इर्जिकच ती, घराची.
आता घरं जागेवर राहतात, माणसं हलतात,
तेव्हा ही मिंगा चाकांची.
रोसामेलची बायको बटाट्याचे मिल्काओ तळत होती.
सकाळीच तिने बजावलं होतं :
तुमच्या तेलाचे हात माझ्या तेलाशी आणायचे नाहीत.

मी आले ती रिकाम्या हाताने.
मी दवाखान्यातली नर्स, माझ्या पेटीत काय असणार?
पट्ट्या, कात्री, लसींचा गार डबा.
"नळी आहे ना तुझी, कानातली?"
एलेउतेरिओ उकिडवे बसून म्हणाले.
"आण इकडे. हिच्या पोटात काहीतरी टकटकतंय."

सगळे हसले.
मी गुडघे टेकले, नळी कानात घातली,
चालू इंजिनाच्या अंगावरून चकती सरकवत गेले,
बाळंतिणीच्या पोटावरून सरकवते तशी, सावकाश.
खाली नुसती घरघर.
डावीकडे वर मात्र एक नखाएवढा आवाज,
प्रत्येक फेरीला, न चुकता.
"इथे," मी म्हटलं.
"व्हॉल्व्ह," ते म्हणाले, आणि इंजिन बंद केलं.

इंजिन निवल्याशिवाय फट मोजता येत नाही.
निवायला वेळ लागतो.
त्या वेळात काय करायचं म्हणून
त्यांनी स्वेटर वर केला. "हेही ऐक. फुकटात."
चार वर्षं हा माणूस
दवाखान्याच्या दारावरून मान वळवून जातोय.

मी चकती ठेवली.
तीन ठोके बरोबर.
मग एक जागा, जिथे काहीच नाही.
मग दोन, उशीर झाल्यासारखे, एकमेकांच्या अंगावर.

"काय, नटबोल्ट ढिले?" थोरला बार्रिया ओरडला.
"निवल्याशिवाय कळत नाही," मी म्हटलं.
आणि हळूच, त्यांनाच ऐकू जाईल असं :
"उद्या या. सोमवारच आहे. उपाशीपोटी."
त्यांनी स्वेटर खाली ओढला,
मोजायची पातळ पट्टी बोटांत धरून उजेडाकडे पाहिली.
"आधी हिचं होऊ दे."

हिचं झालं.
संध्याकाळी माझी साखळीही त्यांनीच ताणून दिली,
एक शब्द न बोलता,
आणि मिल्काओ चार खाल्ले, चरबीचे,
मी बघत असताना.

सोमवारी सव्वाआठला रस्त्यावरून आवाज आला.
ओळखला मी, टकटक नव्हती त्यात.
चढ चढला, दारापाशी जरासा मंदावला
की मलाच वाटलं तसं,
आणि पुढे गेला.

मी खिडकीशी गेले नाही. पेटी उघडली.
लसींच्या डब्याखाली
ग्रीसने माखलेला दहाचा पाना.
कुणाचा, कोण जाणे.
आज दुपारी गाडी काढून
घरोघर विचारत जायला हवं,
चढावरच्या शेवटच्या घरापासून.